छोट्या गावातल्या एपिस्कोपल चर्चशी ओळख कशी करून घ्यावी

न्यूयॉर्क राज्याचा उत्तरेकडचा भाग, पेनसिल्व्हेनियाचा डोंगराळ पट्टा, व्हर्माँट, ओहायो. असल्या भागांतल्या तीन-चार हजार वस्तीच्या गावांत नोकरीनिमित्त येऊन पडलेली मराठी माणसं आता बरीच आहेत. कुणी हॉस्पिटलात डॉक्टर, कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी कारखान्यात इंजिनियर. महाराष्ट्र मंडळ दोन-तीन तासांवर, देऊळ त्याहून लांब, आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा ठिकाणी माणसं भेटायची ती शाळेत, हार्डवेअरच्या दुकानात आणि चर्चमध्ये. चर्चेस चार-पाच तरी असतात. त्यातलं एक, बऱ्याचदा दगडी किंवा विटांचं आणि लाल दरवाज्याचं, एपिस्कोपल असतं. त्याच्याशी ओळख कशी वाढवायची ते इथे क्रमाने सांगते. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, बहुतेक गोष्टी दोघांनाही लागू आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. छोट्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या मंडळीची, खरी ओळख उपासनेपेक्षा हॉलच्या स्वयंपाकघरात लवकर होते. पण परक्या माणसाला थेट स्वयंपाकघरात शिरता येत नाही, म्हणून सुरुवात पुढच्या दारापासून.

जाण्याआधी

हे चर्च इंग्लंडच्या चर्चच्या वंशातलं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या मंडळींना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं शक्य नव्हतं, आणि त्या शपथेशिवाय तिथले बिशप कुणाला बिशप करायला तयार नव्हते. शेवटी सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ मध्ये ॲबर्डीनला बिशप होऊन आले. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात या चर्चची घडी बसली. गावाच्या वेशीवर किंवा चर्चच्या पाटीवर जी ढाल दिसते तिच्यावरचा लाल क्रूस इंग्लंडचा, आणि निळ्या चौकोनातला तिरपा क्रूस स्कॉटलंडचा. तो नऊ छोट्या क्रुसांनी बनलेला आहे, कारण १७८९ च्या सभेत नऊ धर्मप्रांत (एकेका बिशपच्या देखरेखीखालचे प्रदेश) होते. एवढा इतिहास पाठ असला की पहिल्या दिवशी गप्पांना विषय मिळतो. म्हाताऱ्या मंडळींना ही ढाल समजावून सांगायला फार आवडतं, तेव्हा तुम्हाला माहीत आहे हे लगेच दाखवू नका.

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), पुणे, मुंबई इकडून आलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या कुटुंबांना तर हे घरचंच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं) आणि इतर पाच चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं, आणि ते आजही अँग्लिकन परिवारात आहे. उपासनेचा क्रम, प्रभुभोजन (भाकरी आणि वाइनचा विधी), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर बिशपच्या हातून श्रद्धा पक्की करण्याचा विधी), बिशपची भेट, सगळं ओळखीचं वाटेल. गाणी मात्र वेगळी, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगवृत्तातली पदं इथे कुणी म्हणणार नाही.

वेबसाइटवर वेळ बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. छोट्या गावांत बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळ प्रीस्ट (धर्मगुरू) परवडत नाही. एकच प्रीस्ट दोन गावं सांभाळतो, उन्हाळ्यात वेळा बदलतात, आणि वेबसाइटवर मागच्या ईस्टरची वेळ तशीच असते. शुक्रवारी सकाळी ऑफिसला फोन करा. उचललाच तर तो अर्धवेळ काम करणारी सेक्रेटरी उचलेल, आणि गावात तिच्याइतकी माहिती कुणालाच नसते. दोन उपासना असतील तर आठची असते शांत, गाण्यांशिवाय, दहा-बारा माणसांची. दहा किंवा साडेदहाची असते ती गाण्यांची, मुलांची आणि नंतरच्या कॉफीची. ओळख करून घ्यायची तर दुसरी.

नाताळ किंवा ईस्टरला पहिल्यांदा जाऊ नका. त्या दिवशी अर्धे लोक बाहेरगावचे नातेवाईक असतात, फुलांची गर्दी असते, आणि प्रीस्ट आठवडाभर झोपलेला नसतो. ऑक्टोबरचा किंवा फेब्रुवारीचा एखादा साधा रविवार बरा.

पहिला रविवार

दहा मिनिटं आधी पोचा. कपडे नीटनेटके पुरतात. सूट, साडी यांची सक्ती कुठेच नाही. दारात एक जण छापील पत्रिका देतो. ती घट्ट धरून ठेवा, सगळा क्रम तिच्यात आहे. बसायला मागून तिसरा-चौथा बाक निवडा. बाकांवर नावं नसतात, पण चाळीस-पन्नास माणसांच्या चर्चमध्ये प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली असते. तुम्ही कुणाच्या जागी बसलात तर कोणी उठवणार नाही, पण ती बाई जवळच्या बाकावर बसून उपासनाभर तुमच्याकडे हसून बघत राहील.

समोरच्या कप्प्यात दोन पुस्तकं असतात. एक प्रार्थनांचं, १९७९ चं, बहुधा लाल किंवा काळं. दुसरं गाण्यांचं, १९८२ चं, बहुधा निळं. भिंतीवरच्या लाकडी फळीवर जे आकडे लावलेले असतात ते गाण्यांचे क्रमांक, पानांचे नव्हेत. आकड्याआधी इंग्रजी एस असेल तर ते गाणं पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात शोधायचं. नवे लोक इथेच अडकतात आणि गाणं संपेपर्यंत पानं चाळत बसतात. प्रार्थनेच्या पुस्तकात पान ३५५ ला खूण ठेवा. आजच्या भाषेतली प्रभुभोजनाची उपासना तिथून सुरू होते. जुन्या वळणाची इंग्रजी हवी असणाऱ्यांची उपासना पान ३२३ पासून, आणि आठ वाजता बऱ्याच ठिकाणी तीच चालते. मतांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली) पान ३५८ वर, प्रभूची प्रार्थना पान ३६४ वर. हल्ली अनेक ठिकाणी सगळा मजकूर पत्रिकेतच छापतात, मग पुस्तकाची गरज पडत नाही.

उठबस बरीच असते. गाताना उभं, वाचन ऐकताना बसून, शुभवर्तमान वाचताना पुन्हा उभं, काही प्रार्थनांना गुडघ्यांवर. पुढच्या माणसाकडे बघून करा. गुडघे दुखत असतील तर बसून राहा. निम्मी मंडळी सत्तरीची आहेत, तीही तेच करतात. क्रुसाची खूण कोणी करतं, कोणी नाही. प्रवचन बहुतेक दहा-पंधरा मिनिटांचं असतं, आणि त्यात कुणाला नरकाची भीती घालण्याचा प्रकार सहसा नसतो.

मध्येच अचानक सगळे उठून एकमेकांशी हात मिळवू लागतात आणि शांतीचे दोन शब्द बोलतात. छोट्या पॅरिशमध्ये हे पाच-पाच मिनिटं चालतं, कारण कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हेही तेव्हाच विचारून घेतात. हात पुढे करा, नाव सांगा. नमस्कार केलात तरी चालतं. करोनानंतर हात न मिळवणारे तिथेही आहेत.

पैशांचं ताट फिरतं. पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही, ताट तसंच पुढे दिलं तर कोणी डोळे वटारत नाही. नेहमीचे सभासद वर्षाचा आकडा आधी लिहून देतात आणि चेकने किंवा ऑनलाइन भरतात, त्यामुळे त्यांचेही हात पुष्कळदा रिकामेच असतात.

पेल्याचा प्रश्न

इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडून येणाऱ्याला सगळ्यात अवघड वाटतं ते इथे.

प्रभुभोजनाच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात किंवा उभे राहतात. प्रीस्ट तळहातावर भाकरीचा पातळ, नाण्याएवढा पापुद्रा ठेवतो. मागून दुसरं कोणी चांदीचा पेला घेऊन येतं. आत खरी वाइन असते, बहुधा गोड आणि जड. सगळे त्याच पेल्याला ओठ लावतात. प्रत्येकानंतर पेला धरणारा पांढऱ्या सुती कापडाने कड पुसतो, पेला थोडा फिरवतो आणि पुढच्याला देतो. आपल्या मनात उष्ट्याची कल्पना किती खोल बसलेली आहे हे त्या कठड्याशी कळतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनाही कळतं, कारण आपल्याकडे पुष्कळ मंडळ्यांत छोटे वेगळे पेले असतात.

पर्याय आहेत, आणि कोणताही निवडला तरी कोणी विचारत नाही. नुसता पापुद्रा घेऊन उठता येतं; चर्चच्या शिकवणीप्रमाणे भाकरी किंवा वाइन यांपैकी एक घेतलं तरी प्रभुभोजन पूर्णच. मग पेला समोर आला की हात छातीवर घडी करून मान हलवायची. काही ठिकाणी पापुद्रा वाइनमध्ये बुडवून घ्यायची रीत आहे, पण ती त्या पॅरिशमध्ये चालते का ते आधी बघा. गहू चालत नसेल तर ग्लूटेनविरहित पापुद्रा मागा, बहुतेक ठिकाणी तो वेगळ्या डबीत असतो.

बाप्तिस्मा झालेला नसेल तर? चर्चच्या नियमानुसार प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, मग तो कोणत्याही पंथात झालेला असो. काही प्रीस्ट पत्रिकेत सर्वांनाच बोलावतात, त्यामुळे छापलेलं निमंत्रण नीट वाचा. माझा सल्ला असा, की पहिल्या काही वेळा हात छातीशी घडी करून कठड्याशी जा. प्रीस्ट डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. किंवा बाकावरच बसून राहा, गुडघे बाजूला घेऊन शेजाऱ्याला वाट द्या. दोन्हींत कमीपणा काही नाही. देवळात प्रसाद नाकारला की आपल्याला जसं चुकल्यासारखं वाटतं तसं इथे वाटून घेऊ नका.

खरं काम आता सुरू होतं

उपासना संपली की प्रीस्ट दारात उभा राहतो. त्याला नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, आणि कसं संबोधायचं ते विचारा. कुणाला फादर आवडतं, बायकांपैकी काहींना मदर आवडतं, बऱ्याच जणांना नुसतं नाव. हो, बायका प्रीस्ट असतात. १९७६ पासून चर्चने त्याला मान्यता दिली आहे. समलिंगी जोडप्यांची लग्नंही २०१५ पासून लागतात. वेदीमागे किंवा शेजारच्या बाकावर असं जोडपं दिसलं तर तो तिथल्या लोकांच्या दृष्टीने बातमीचा विषय नाही, तुमच्याही नसावा.

मग हॉलमध्ये कॉफी. इथून पळून जायचा मोह होतो, कारण सगळे ओळखीचे घोळके करून उभे असतात. पळू नका. मोठ्या स्टीलच्या भांड्याच्या तोटीतून कॉफी घ्या आणि एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या टेबलावर जा. गावाबद्दल विचारा: हिवाळ्यात बर्फ कोण काढून देतं, चांगला प्लंबर कोण, जुनी गिरणी कधी बंद पडली. धर्माबद्दल विचारायची घाई नको. तुमच्याबद्दल ते विचारतील ते बहुधा हवामान, मुलं आणि जेवण एवढंच. एखादा हिंदू धर्माबद्दल काहीतरी अर्धवट बोलेल, तेव्हा व्याख्यान देऊ नका. पुढच्या वेळी दिवाळीची चकली घेऊन जा.

खाण्याबद्दल सावध राहायला हवं. टेबलावर केक, चीज, फळं असतात, पण डिशभर भाजलेल्या पदार्थांत बीफ किंवा बेकन असू शकतं, आणि भाजीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यातही बेकनचे तुकडे असतात. सरळ विचारा, लोक आनंदाने सांगतात. आपला पदार्थ न्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तिखट बेताचं ठेवा आणि चिठ्ठी लावा: शेंगदाणे आहेत का, दूध आहे का, गहू आहे का. दाण्याचं कूट आपण सगळ्यात घालतो आणि शेंगदाण्याची ॲलर्जी तिथे गंभीर बाब आहे. नारळाच्या वड्या, बिनतिखटाची कोथिंबीर वडी, रव्याचा केक हे सगळं संपतं. साबुदाण्याची खिचडी तशीच परत आणायची तयारी ठेवा.

फ्रिजच्या दारावर एक कागद लटकलेला असतो. कोणत्या रविवारी कॉफीचं कोण बघणार याची ती यादी, आणि त्यात नेहमी मोकळ्या जागा असतात. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर एका रविवारी कुणाच्या तरी जोडीला स्वतःचं नाव लिहा. त्या दिवशी पेले कुठे, चाळणी कुठे, कचरा कुठल्या डब्यात हे दाखवताना ती जोडीदारीण तुम्हाला पॅरिशचा मागच्या वीस वर्षांचा इतिहास सांगेल: कोणता प्रीस्ट का गेला, ऑर्गन कसा दुरुस्त झाला, कुणाचं कुणाशी पटत नाही. ऐका, मान हलवा, पुढे सांगू नका. एक पथ्य मात्र पाळा. वेदीची कापडं, पेले, फुलदाण्या ज्या छोट्या खोलीत असतात तिथे बोलावल्याशिवाय हात लावू नका. ते वेदीच्या सेवा-गटाचं राज्य. तिथल्या कापडाची घडी कशी घालायची यावरून मोठमोठी भांडणं झालेली असतात.

उपासनेला बसायची इच्छाच नसेल, तरी दारं आहेत. बऱ्याच पॅरिशमध्ये गरजूंना धान्य वाटण्याचं केंद्र असतं, जुन्या वस्तूंची विक्री असते, हॉलमध्ये दारू सोडणाऱ्यांच्या सभा भरतात. धान्यवाटपाला आठवड्यातून दोन तास हात लावलात तर कोणी तुमचा धर्म विचारणार नाही, फक्त डबे उचलता येतात का एवढं विचारतील.

कारभार कोण चालवतं

ही बाजू आपले लोक बघतच नाहीत, आणि मला तर सगळ्यात रंजक तीच वाटते. पॅरिशचा कारभार निवडून आलेली समिती चालवते, तिला व्हेस्ट्री म्हणतात. तिच्यात दोन वॉर्डन असतात. रीत ठिकाणाप्रमाणे बदलते, पण साधारण ज्येष्ठ वॉर्डन प्रीस्टचा उजवा हात आणि कनिष्ठ वॉर्डन इमारतीचा धनी. छत गळलं, बॉयलर बंद पडला की फोन कनिष्ठाला जातो. कायम नेमलेल्या प्रीस्टला रेक्टर म्हणतात, आणि त्याला बिशपच्या सल्ल्याने व्हेस्ट्रीच निवडते. रेक्टर गेला की नवा शोधायला वर्ष-दीड वर्षही जातं. त्या काळात पाहुणे प्रीस्ट येतात आणि मंडळी हळवी असते. तुम्ही नेमके तेव्हा पोचलात तर लोकांच्या थंडपणाचा राग मानू नका.

वर्षातून एकदा, बहुधा जानेवारीत, वार्षिक सभा होते. तिला जरूर जा. मत देता आलं नाही तरी बसता येतं. छापील अहवालात जमाखर्च असतो: वर्गणीतून किती, जुन्या ठेवींच्या व्याजातून किती, हिवाळ्यात इमारत तापवण्याचं बिल किती, बिशपच्या कार्यालयाला किती. ठेवी खाऊन चाललेलं चर्च आणि सभासदांच्या वर्गणीवर चाललेलं चर्च यांचा स्वभावच वेगळा असतो. तापवण्याचं बिल दानधर्मापेक्षा मोठं असेल तर तेही कळतं. वर्षभर प्रवचनं ऐकून जे समजत नाही ते त्या चार पानांत असतं.

अंगणातली जुनी थडगीही वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या क्राइस्ट चर्चच्या आवारात कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर आपल्या कुटुंबीयांसोबत पुरलेला आहे, आणि गावाला नावही त्याच्याच वडिलांचं. बाकी गावांत एवढी मोठी नावं नसतील, पण मेन स्ट्रीटवरच्या बँकेचं, वाचनालयाचं आणि शाळेचं नाव थडग्यांवर सापडतंच. या चर्चमध्ये एके काळी गावातली पैसेवाली मंडळी असत, हे त्यावरून उमगतं. आज तसं राहिलेलं नाही, पण त्याचा थोडा वास हॉलमधल्या चिनी मातीच्या कपांना अजून आहे.

कोणत्या दिवशी काय बघावं

ईस्टरआधीचा उपवासाचा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो; त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये पॅनकेकचं जेवण असतं. पुरुष मंडळी तव्याशी, सगळं गाव जेवायला. अनोळखी माणसाला जायला याहून सोपी संध्याकाळ नाही. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी प्रीस्ट लोकांचे पाय धुतो आणि शेवटी वेदीवरचं सगळं सामान काढून ती उघडी करतात. तो विधी कोपऱ्यात बसून पाहिला तरी लक्षात राहतो. ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती लावतात, पण फार छोट्या पॅरिशना हा मोठा विधी झेपत नाही, शेजारच्या गावाशी मिळून करतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संत फ्रान्सिसच्या दिवसाच्या आसपास जनावरांना आशीर्वाद देतात. कुत्री, मांजरं, एखादी शेळी, आणि मुलांच्या हातात काचेच्या बरणीतला मासा. आपली मुलं घेऊन जा.

बिशप दर तीन वर्षांत एकदा तरी प्रत्येक मंडळीला भेट देतो. त्या दिवशी दृढीकरण होतं आणि जेवण नेहमीपेक्षा बरं असतं.

इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला पंडिता रमाबाईंचं स्मरण आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्येच झाला. एप्रिलमध्ये हे प्रीस्टला सांगून बघा. माझ्या अनुभवात पुढच्या रविवारच्या पत्रिकेत ‘आपल्या मंडळीतले कोणी चार शब्द बोलतील’ अशी ओळ छापून येते, आणि ते कोणी म्हणजे तुम्हीच असता.

नाव नोंदवायचं का

घाई कोणी करत नाही. नुसतं येत राहिलं तरी चालतं, वर्षानुवर्षं तसं येणारे असतात. बाप्तिस्मा झालेला असेल तर सेक्रेटरीकडे नोंद करता येते. आधीच्या अँग्लिकन किंवा सीएनआय मंडळीकडून पत्र आणलंत तर उत्तम. इतर पंथांतून आलेल्यांना बिशप रीतसर स्वीकारतो. वर्षात निदान तीन वेळा प्रभुभोजन घेणारा तो नियमित सभासद, असा नियम आहे.

आणि व्हायचंच नसेल, तर प्रीस्टला मोकळेपणाने सांगा: आम्ही आमच्या धर्मातच आहोत, पण यायला आवडतं. एकदा सांगितलं की दोन्हीकडचा अवघडपणा जातो. शरद ऋतूत वर्षाच्या वर्गणीची कार्डं वाटतात तेव्हा तुमच्याही हातात एक येईल. भरायचं नसेल तर नका भरू. पण वर्षभर कॉफी प्यायला असाल आणि खिशाला जमत असेल, तर तापवण्याच्या बिलासाठी म्हणून एक चेक द्या.

गाव सोडताना सेक्रेटरीला निदान दोन आठवडे आधी कळवा. सभासद असाल तर ती नव्या गावच्या पॅरिशला तुमचं पत्र पाठवेल. फ्रिजवरच्या यादीतून नाव काढायला आणि धान्यवाटपाच्या खोलीची किल्ली परत द्यायला विसरू नका.